अस्वलाची फाईल

५ एप्रिल, शनिवार

आज केया स्वतःहून माझ्या खोलीत आली. याआधी आली होती ती बहुधा वायफाय बंद पडलं होतं तेव्हा. म्हणाली, ऑगस्टमध्ये ओरेगॉनला कॉलेजला जाण्याआधी आपण दोघंच स्मोकी माउंटन्समध्ये जाऊ. तीन दिवस. पाठीवर सामान, रात्री तंबू. आई नको. मला तुझ्याशी एक बोलायचंय बाबा, पण घरात नाही, चालता चालता.

काय बोलायचं असणार ते मला ठाऊक आहे. गाडी. नाही म्हणायची तयारी ठेवली आहे.

तारखा तिनेच काढल्या, १३ ते १५ जून. अठराव्या वर्षी मुलीला बापाबरोबर जावंसं वाटतं! डोळे भरून आले. बायकोने, सुवर्णाने, पाहिलं; तिला सांगितलं, पोलनची अ‍ॅलर्जी आहे.

उद्यापासून दर रविवारी सकाळी सातला अम्स्टेड पार्कमध्ये चालायचा सराव, असं केयाने ठरवलं आहे. मी तर सहालाच उठणार.

६ एप्रिल, रविवार

स्मोकीजमध्ये अस्वलं आहेत. चौरस मैलाला साधारण दोन. हे तारखा ठरवताना कोणी बोललं नाही.

निर्णय घेतला. पिस्तूल घ्यायचं. पोरीबरोबर जंगलात जायचं तर बापाच्या हातात काहीतरी हवं. शिवाय मी नागपूरचा, जंगल आमच्या रक्तात आहे. (जीपमधूनच पाहिलं, पण पाहिलं.)

सतरा वर्षं औषध कंपनीत व्हॅलिडेशन करतोय. सॉफ्टवेअर चालतं हे कागदावर सिद्ध करायचं, हा माझा धंदा. तेव्हा एक्सेल शीट उघडली. चौदा मॉडेल्स, अकरा निकष, प्रत्येकाला वेटेज. यात सकाळ गेली. केया एकटीच चालून आली. शीट अर्धवट टाकता येत नव्हती.

१२ एप्रिल, शनिवार

दुकानात गेलो. दुकानदार दाढीवाला, सभ्य. पूर्वी कधी चालवलं आहे का, असं त्याने विचारलं. कॉलेजात एनसीसीत होतो, पाच गोळ्या झाडल्या, पाचही लागल्या, असं सांगितलं. शेजारच्या मुलाच्या टारगेटला लागल्या, हे सांगायची गरज वाटली नाही.

मग विचारलं, सिटिझन का? नाही. ग्रीन कार्ड? लाइनीत. एच-वन व्हिसा? हो. तो म्हणाला की मग कायद्याप्रमाणे आधी शिकारीचं लायसन्स आणा, त्याशिवाय मला विकता येणार नाही.

दुसरा कोणी खचला असता. मला उलट बरं वाटलं. कागद मागतात म्हणजे काम होणार. घरी येऊन फाईल केली, वर ‘अस्वल’ लिहिलं. पासपोर्ट, आय-९४ हा अमेरिकेत प्रवेशाचा दाखला, विजेचं बिल, सगळ्याच्या दोन दोन कॉप्या.

निघताना त्याने काउंटरवर स्प्रेचा एक डबा ठेवला. बरेच लोक हाच नेतात म्हणे. आत तिखटाचा अर्क. नागपूरच्या माणसाला तिखट विकतो! घेतला नाही.

२७ एप्रिल, रविवार

लायसन्ससाठी लागणारं ऑनलाइन हंटर एज्युकेशन पूर्ण. पास. आयुष्यात जाणूनबुजून अंडंही न खाल्लेला मी (केक सोडून) आता हरिण सोलायला कुठून सुरुवात करावी ते सांगू शकतो. त्या धड्यानंतर वरणभात घशाखाली उतरला नाही.

परीक्षेमुळे चालायला जमलं नाही. तसा हा चौथा रविवार. पण पहिले तीन मोजू नयेत, तेव्हा अभ्यास चालू होता.

३ मे, शनिवार

लायसन्स आलं. सुवर्णाने ते व्हिडिओ कॉलवर तिच्या आईला दाखवलं. सासूबाईंनी विचारलं, परीक्षितराव, मारणार काय? म्हटलं, काही नाही. मग परवाना कशाला? इतका अवघड प्रश्न मला इमिग्रेशनवाल्यांनीही कधी विचारला नव्हता.

१० मे, शनिवार

शूटिंग रेंजवर गेलो. शीटमध्ये पहिलं आलेलं मोठं रिव्हॉल्व्हर भाड्याने घेतलं. एकच गोळी झाडली. टारगेटला काही झालं नाही. मनगट सुजलं. शिकवणाऱ्या बाई साठीच्या असतील, त्यांनी हळूच लहान मॉडेल पुढे केलं. शीटमध्ये ‘मनगट’ हा बारावा निकष टाकला, त्याबरोबर पहिला नंबर थेट तेरावा झाला. यालाच आमच्याकडे कंटिन्युअस इम्प्रूव्हमेंट म्हणतात.

उद्याचं चालणं कॅन्सल केलं. केया म्हणाली की चालतात पायांनी. वाद घातला नाही. खूप थकलो आहे.

२४ मे, शनिवार

लहान मॉडेल पक्कं केलं. फॉर्म भरला. दुकानदाराने तो सरकारी चौकशीला पाठवला. कॉम्प्युटरवर उत्तर आलं, डिलेड. दुकानदारालाच वाईट वाटलं. मी त्याला धीर दिला. म्हटलं, माझं ग्रीन कार्ड बारा वर्षं लटकलं आहे, तुमचे हे चार दिवस म्हणजे काहीच नाही. त्याने कॉफी पाजली. या देशात माझी कथा इतक्या शांतपणे ऐकून घेणारा पहिलाच माणूस.

३१ मे, शनिवार

पिस्तूल घरी आलं. तिजोरीत ठेवलं. तिजोरीचा कोड केयाची जन्मतारीख. संध्याकाळी उघडायला गेलो तर उघडेना. तीनदा चुकलं, तिजोरी अर्धा तास बंद. सुवर्णाने शांतपणे विचारलं की कोड ठेवताना आपल्याकडच्यासारखा आधी दिवस टाकला होता की इथल्यासारखा आधी महिना. दिवस.

अस्वल अर्धा तास थांबेल का, असंही तिने विचारलं. 

७ जून, शनिवार

पिस्तूल छातीवर बांधायचा पट्टा आला. सराव हवा. पण आमच्या वसाहतीत, सबडिव्हिजनमध्ये, पिस्तूल लावून फिरलो तर शेजारी पोलीस बोलावतील. म्हणून पट्ट्यात तूरडाळीचं पाकीट बसवलं आणि निघालो.

शेजारच्या केदारचे वडील मनोहरकाका सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले आहेत. वय शहात्तर. तेही निघाले. छातीवर डाळ का, म्हणाले. सांगितलं, वजन घेऊन चालण्याचा सराव. ‘बरं बरं’ म्हणून पहिल्याच वळणावर पुढे गेले. थोड्या वेळाने मागून पुन्हा आले आणि पुन्हा पुढे गेले. त्यांना उतार लागला असणार.

केयाने तंबू, स्टोव्ह, दोऱ्या सगळं बांधून ठेवलं आहे. पाठीवरची सॅक भरून एकदा तरी चालून बघ, असं म्हणाली. उद्या नक्की.

१३ जून, शुक्रवार. सकाळी साडेनऊ

घरून, म्हणजे कॅरीहून, पाच तास ड्राइव्ह करून काल पोचलो. आज रेंजर ऑफिस. फाईल काढून ठेवली. रेंजरबाईंनी ती उघडलीसुद्धा नाही. म्हणाल्या, पिस्तूल बाळगायला हरकत नाही, पण पार्कमध्ये झाडायला मनाई आहे. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. बाळगा, झाडू नका.

पुढे म्हणाल्या, मोठ्याने बोलत चाला म्हणजे अस्वलं आपोआप बाजूला होतात, आणि स्प्रे हाताशी ठेवा. केयाच्या पट्ट्याला स्प्रे होता. कधी घेतलास? एप्रिलमध्ये, म्हणाली.

असो. निघतो.

त्याच दिवशी, दुपारी दोन

गाडीत बसून लिहितोय.

सव्वा मैल नीट गेलो. चढ होता. सॅकचा पट्टा आणि पिस्तुलाचा पट्टा छातीवर एकावर एक आले, श्वास पुरेना. केयाने माझ्या सॅकमधून आधी पाणी घेतलं, मग स्टोव्ह, मग तंबू. शेवटी मी फक्त पिस्तूल वाहत होतो, तरी मागेच.

एका सपाट जागी ती थांबली. म्हणाली, ‘सो बाबा, अबाउट कॉलेज...’ तेवढ्यात झाडीत खसखस झाली. मी हात वर करून तिला गप्प केलं. दुसरा हात पट्ट्यावर. पाच मिनिटं तसाच उभा होतो. रानटर्की निघाली, दोन पिल्लांसह.

पुढे ती त्या विषयावर बोलली नाही. मग माझा गुडघा गेला. परत फिरलो. उतरताना तिने मला दंडाला धरलं होतं.

१५ जून, रविवार

मोटेल. पिस्तूल खोलीत सोडता येत नाही, गाडीत ठेवायला जीव धजत नाही, आणि समोरच्या रेस्टॉरंटच्या दारावर पिस्तूल नको अशी पाटी आहे. त्यामुळे दोन दिवस मी त्याची राखण करतोय. केया एकटीच फिरून येते, माझ्यासाठी चीज सँडविच आणते. काल तिला रस्त्याकडेला अस्वल दिसलं. फोटो दाखवला. लोकांकडे पाठ करून काहीतरी खात होतं.

चेकआउट करताना रिसेप्शनवरच्या बाई म्हणाल्या, हॅपी फादर्स डे. तेव्हा कळलं तारखा कशावरून काढल्या होत्या.

परतताना पाच तास होते. म्हटलं, आता सांग काय बोलायचं होतं. ‘नथिंग बाबा, इट्स फाइन,’ म्हणून तिने कानात इअरफोन घातले. म्हणजे गाडीच. मिळणार नाही हे तिचं तिलाच उमगलं असावं.

१७ ऑगस्ट, रविवार. विमानात

केयाला होस्टेलवर सोडून परत निघालो. खोली बरी आहे. तिने मिठी मारली, बराच वेळ.

सुवर्णाने आत्ता सांगितलं. केयाला कॉम्प्युटर सायन्स नको होतं. जंगलातल्या प्राण्यांचा अभ्यास करायचा होता. तिथे तोही कोर्स आहे, जुलैपर्यंत बदलता येत होता. सुवर्णाने तिला सांगितलं होतं की बाबाला विचार. केया म्हणाली, एकदा ट्राय केलं. मग राहू दे म्हणाली. उद्या तिचा कॉम्प्युटरचा पहिला वर्ग आहे.

मी सुवर्णाला म्हटलं की मी काही ‘नाही’ म्हटलं नसतं. 

म्हटलं असतं. पहिल्या दिवशी तर नक्कीच. दुसऱ्या दिवशी नोकरीवरून वाद घातला असता, आवाज चढवला असता, आमचं लाइनीत गेलेलं आयुष्य ऐकवलं असतं. मग चालून चालून दमलो असतो, आणि तिसऱ्या दिवशी हो म्हणालो असतो. पोरगी मला ओळखते. म्हणून तर तिने तीन दिवस मागितले होते.