चहा विचारला तेव्हा

फहादभाई,

गुडघ्याचा एमआरआय घरच्याच माणसाने काढावा, हा हट्ट तुझा होता. उजव्या गुडघ्यातली कूर्चा झिजली आहे आणि हाड हाडाला टेकलं आहे. हे तुला डॉक्टरांनी सांगायचं असतं, माझ्यासारख्या टेक्निशियनने नाही. म्हणून हे पत्र मी पाठवणार नाही.

तू टेबलावरून उतरलास तेव्हा मी चेहरा नेहमीसारखाच ठेवला होता. फक्त विचारलं, "भाई, चहा घेणार?"

तू हसलास. "अफनान, इंग्लंडात नऊ क्लबांनी मला सोडलं. प्रत्येक मॅनेजरने आधी चहाच विचारला. खलास काय गं?"

"रिपोर्ट डॉक्टर देतील."

"डिफेंडर मी, आणि बचाव तू करतेस!"

मग तू इथल्या, सौदीतल्या जुबैलच्या फुटबॉल क्लबने दिलेला मफलर गळ्यात घातलास. मेडिकल पास झाल्याशिवाय करार नाही आणि चौतिसाव्या वर्षी तुला दुसरं कुणी घेणार नाही, हे आपल्या दोघांनाही माहीत होतं.

"अम्मीला एक फोटो पाठवू दे. अजून कुणी नाही म्हटलेलं नाही ना?"

मी फोटो काढला.

मघाशी बर्मिंगहॅमहून सकिनामामीचा, तुझ्या अम्मीचा, फोन आला. तो फोटो तिने रत्नागिरीपर्यंत सगळ्यांना पाठवला आहे, शेजारी मिठाईही वाटली आहे. "तूच तपासलंस ना त्याला? मग मला काळजी नाही," म्हणाली.

मी म्हटलं, "फोटो छान आलाय, मामी."

तुझी आतेबहीण,
अफनान