चहाबंदी

सोमवार, ३ मार्च
गाढवं! सगळी गाढवं! कागदावर ठळक लिहिलंय — स्कॅनआधी चोवीस तास चहा, कॉफी, कोला, चॉकलेट बंद. तरी आजचा पहिलाच पठ्ठ्या कॉफीचा वास मारत आला. "एकच घोट हो मॅडम, मी तर ठणठणीत आहे!" अरे बाबा, ठणठणीत आहेस म्हणूनच बोलावलंय. निरोगी माणसांचाच अभ्यास आहे हा. आमच्या औषधाने हृदयाच्या रक्तवाहिन्या सैल होतात, ठोके वाढतात, मग रक्त कुठे कमी पोचतंय ते दिसतं. पोटात कॉफी असली की औषध लागूच पडत नाही. चित्र सुंदर येतं — आणि साफ खोटं!

गुरुवारी आमच्या धाकट्या भावाची पाळी. हा पोहायला शिकवतो, स्वतःला पैलवान समजतो. बाबा पन्नाशीच्या आत हार्टने गेले, म्हणून मीच याला अभ्यासात घुसवलं. एकदा त्याचं हृदय डोळ्यांनी बघायचंय मला.

बुधवार, ५ मार्च
चहाचा डबा लपवला. पैलवानाचं तोंड एवढंसं! आई म्हणते, "किती छळशील गं त्याला!"

गुरुवार, ६ मार्च
पैलवानाला मशीनमध्ये सरकवलं, औषध दिलं. ठोके जागचे हलले नाहीत! माइकवरून ओरडले, "चहा ढोसलास ना?" आतून उत्तर, "आईशपथ ताई, थेंबसुद्धा नाही!" चित्र स्वच्छ. अभ्यासाच्या डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून नुसत्या हसल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी येऊन दोघांना फैलावर घेतलं. चहा नाही म्हणून सकाळी याचं डोकं ठणकलं, आणि आईसाहेबांना आला पुळका — डोकेदुखीच्या दोन गोळ्या दिल्या! पाकीट उलटं करून वाचलं. कॅफिन! "गोळी म्हणजे काय चहा आहे का?" म्हणे आई. कप्पाळ माझं! एवढी ओरडले की शेजारच्या काकू दारात आल्या.

रविवार, ९ मार्च
धाकटा बोलत नाही. नको बोलू! डॉक्टरीणबाईंच्या हातापाया पडून पुन्हा स्कॅनसाठी मंगळवार मिळवलाय.

सोमवार, १० मार्च
पुन्हा डोकं ठणकतंय त्याचं. ठणकू दे. आईच्या गोळ्या माझ्या पर्समध्ये आहेत.

मंगळवार, ११ मार्च
या वेळी ठोके सरसर चढले. आणि चित्रात खाली, डावीकडे, काळा पट्टा. तिथे रक्त नीट पोचत नाहीये. डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून पडद्याजवळ आल्या. हसल्या नाहीत.

आतून त्याचा आवाज — "काय ताई, आता तरी खूश?"