पूलवालीच्या ओळी

रविवार, ९ नोव्हेंबर
सकाळ

प्रिय स्वल्पविराम,

नऊ वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही, त्याची माफी मागते. वेळ मिळाला नाही असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. डायरी लिहायला मला रोज वेळ मिळतो, तेव्हा पत्रालाही मिळाला असता. मी टाळलं. हे टोपणनाव अजून चालेल ना तुला? एका स्वल्पविरामावरून तू दादाशी अर्धा तास भांडलीस आणि त्याने तिथल्या तिथे तुला हे नाव चिकटवलं. माझं नाव त्याने त्याच्याही आधी ठेवलं होतं, ‘पंच’. गल्लीतल्या खेळात मी सख्ख्या भावाला बाद दिलं होतं आणि समोरच्या संघानेसुद्धा अपील केलं नव्हतं.

आधी बातमी सांगते. दादा आजारी आहे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एका इमारतीची लिफ्ट दुरुस्त करायला गेला होता. गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत तो जमिनीवर बसलेला सापडला, हातात टेस्टर तसाच. वॉचमन सारखा विचारत होता, “मेकॅनिकसाहेब, काय होतंय?” आणि दादा नुसता त्याच्या तोंडाकडे बघत होता. मेंदूत रक्ताची गुठळी. आता उजवा हात खांद्यापर्यंत उचलतो, पाय ओढत का होईना, चालतो. वाचा मात्र गेली. समजतं सगळं. कोण आलं, कोण गेलं, मी भाजीत मीठ विसरले, सगळं. पण शब्द ओठांपर्यंत येतो आणि मागे फिरतो. चार महिने होत आले. डॉक्टर म्हणतात, जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत येतं. पुढे वाट अवघड.

त्याचा आवाज तुला आठवत असेलच. रविवारी दुपारी आमच्या वरच्या खोलीत पडदे ओढलेले, आई खुर्चीत, आपण तिघं खाली सतरंजीवर, टीव्हीवर आपली जपानी मालिका. आईला पडद्यावरची अक्षरं वाचायला वेळ लागायचा, म्हणून दादा प्रत्येक ओळ मोठ्याने वाचायचा, आणि नुसती वाचायचा नाही. पूल राखणाऱ्या पूलवालीचा आवाज वेगळा, होडीवाल्या म्हाताऱ्याचा वेगळा, भुतांचे तर आठ-दहा प्रकार. आई म्हणायची, “त्या जपानी बायांना गप्प करा, मला माझा मुलगा ऐकू दे.” बावन्न भागांची ती अ‍ॅनिमे मालिका आपण चार वेळा पाहिली. आपल्या भाषेत ती कुणीच आणली नव्हती. तू आणलीस, खालच्या ओळी मराठीत लिहून. शाळेत शिकवून घरी यायचीस, कानाला हेडफोन लावायचीस आणि एका वाक्यासाठी तीन तीन संध्याकाळी घालवायचीस. पैसा नाही, नाव नाही. तुझ्या त्या साध्या पिवळ्या साइटवरून किती अनोळखी माणसं त्या पुलापर्यंत आली असतील!

प्रत्येक भागाच्या शेवटी पूलवाली कंदील खाली घेते आणि एकच वाक्य म्हणते. तू ते केलं होतंस, “चला, पूल बंद. जो राहिला तो आपला.” मूळ वाक्यात ‘आपला’ नाही, असं मी म्हटलं होतं. तू म्हणालीस, “बाई, वाक्यात नसेल, तिच्या चेहऱ्यावर आहे.” दादा माझ्याकडे बघून म्हणाला, “पंच, बाद झालीस. चल, बाहेर.”

तर आता काय झालं ते सांगते. दादाला शिकवायला आठवड्यातून दोनदा एक मुलगी येते, वाचेचे उपचार करणारी. घड्याळाच्या काट्यासारखी वक्तशीर, आणि फटकळ. तिने पहिल्या महिन्यात चित्रं दाखवून पाहिली, कप, खुर्ची, छत्री. काही नाही. मग एकदा जाता जाता तिने विचारलं, यांना काही पाठ आहे का? गाणं, पाढे, काहीही. “ताई, नवीन शब्द शिकवत बसू नका. जे तोंडात आपोआप बसलेलं असतं ते डोक्यात वेगळ्या कप्प्यात राहतं. तो कप्पा कधी कधी वाचतो.” दादाला गाणं येत नाही, तुला माहीतच आहे. पाढे त्याला शाळेतही आले नव्हते. मी पूलवालीचं सांगितलं. ती म्हणाली, “मग लावा की. हसताय काय?”

लावा म्हणणं सोपं होतं. तुझी साइट बंद झाली तेव्हा आमच्या कंपनीने, जिथे मी पडद्यावरच्या ओळी तपासते, मालिकेचे पूर्ण हक्क घेतले होते, फक्त आमच्याच अ‍ॅपवर दिसेल असे. तीन वर्षं दिसली. मग दुसऱ्या कंपनीने जास्त बोली लावून सत्तावीसपासून पुढचे भाग नेले. मालिकेवरून काढलेला चित्रपट तिसऱ्या कंपनीकडे गेला. तेव्हा चाहत्यांच्या गटावर कुणीतरी लिहिलं होतं, एका पुलाचे तीन तुकडे आणि प्रत्येक तुकड्यावर वेगळा दरवान. लोकांनी वर्षभर चिडून लिहिलं, मग कंटाळून सोडून दिलं. नवीन कुणी येईना, कारण सुरुवात एका घरी आणि शेवट दुसऱ्या घरी अशी गोष्ट कोण बघणार? बघणारे कमी झाले म्हणून गेल्या वर्षी आमच्या कंपनीने पहिले सव्वीस भाग काढून टाकले. हक्क मात्र सोडले नाहीत. म्हणजे आम्ही दाखवणार नाही आणि दुसऱ्यालाही दाखवू देणार नाही. मला ऑफिसात फक्त एक ईमेल आला, ‘या शीर्षकाचं काम बंद, फाइली नष्ट कराव्यात.’ मी केल्या. आदेश होता. डायरीत त्या दिवशी मी हवामानाबद्दल लिहिलं आहे.

तरी मी तिन्ही अ‍ॅप घेतली. आमच्याच कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला, तर तिथला माणूस गोड आवाजात म्हणाला, “मॅडम, असं शीर्षक आमच्याकडे कधी होतं अशी नोंदच नाही.” मी सांगितलं, अहो, मी तुमच्याच कंपनीत आहे, मी स्वतः ते तपासलं आहे. तो म्हणाला, “मग तुम्हाला माहीत असेलच, मॅडम.”

सत्ताविसावा भाग सापडला. दादाला उशीला टेकवून बसवलं, पडदे ओढले. पुलाचं चित्र आलं तसा तो सावरून बसला. त्याचे ओठ हलायला लागले. खरंच हलायला लागले, उगीच लिहीत नाही. आणि खाली अक्षरं आली. तुझी नव्हती. त्याने दोन ओळी वाचल्या असतील, मग ओठ थांबले. भाग संपताना पूलवालीने कंदील खाली घेतला आणि अक्षरं आली, ‘आजचे काम संपले. शुभ रात्री.’ दादाने डाव्या हाताने चादर तोंडावर ओढून घेतली. उपचारवाली मुलगी मला बाहेर घेऊन गेली आणि म्हणाली, “हे कुणी लिहिलंय हो? बँकेतून आल्यासारखं वाटतंय.”

मी तिला उत्तर दिलं नाही. तुला देते. लिहिलं दुसऱ्या कुणी, पण पास मी केलं. दुसऱ्या कंपनीने चित्रांबरोबर मजकूरही आमच्याकडूनच घेतला होता. नियमावलीत होतं, मूळ वाक्यात नसलेला शब्द घालू नये, ओळ अमुक अक्षरांच्या वर जाऊ नये, बोलीभाषेचा वळसा नको. ‘शुभ रात्री’ नियमात बसत होतं. सही माझी आहे.

त्यानंतर मी आठवून आठवून तुझ्या ओळी वहीत उतरवल्या. एकेचाळीस झाल्या. दादाला वाचून दाखवते. चुकली की त्याची डावी भुवई वर जाते, आणि ती सारखी वर जाते. बरोबर कशी होती ते तो सांगू शकत नाही आणि मला आठवत नाही. असे आम्ही दोघं बसतो. एकदाच, “चला, पूल बंद” मी म्हटलं आणि थांबले, तेव्हा त्याच्या तोंडून “जो” आलं. एवढंच, “जो”. मग तो घामाघूम झाला. चार महिन्यांत त्याने उच्चारलेला तो एकच शब्द आहे आणि तो तुझा आहे.

आता तू म्हणशील, फाइली हव्यात तर फोन करायचा. तुझ्याकडे जुनी डिस्क असेल तर बावन्न भागांचा तुझा मजकूर एका पेनड्राइव्हवर मावेल. पाकिटात कोरा पेनड्राइव्ह ठेवला आहे आणि आमच्या पत्त्याचं दुसरं पाकीट. पण नुसतं मागून घेणं मला जमेना.

माझी नोकरी लागली तो आठवडा आठव. पहिल्या दिवशी फॉर्म होते, चौदा पानांचे. अकराव्या पानावर प्रश्न होता, कंपनीच्या मालकीच्या कार्यक्रमांचं विनापरवाना वितरण करणारी व्यक्ती आपल्या परिचयात आहे का? असल्यास तपशील द्यावा. मी तो तीनदा वाचला. मग तुझं नाव लिहिलं, आणि फाइली शाळेच्या इंटरनेट खात्यावरून साइटवर चढतात हेही लिहिलं. माझ्या हातून खोटं लिहिलं गेलं नसतं, असं मी तेव्हा डायरीत नोंदवलं आहे. दोन महिन्यांनी जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांना सहज विचारलं, तर ते घास हातात धरून हसले. “अहो बाई, तिथे सगळे रेघ मारतात. रेघ! कोण वाचतंय?” कुणीतरी वाचलं होतं. तोवर शाळेला पत्र गेलं होतं आणि तू राजीनामा देऊन आवराआवर करत होतीस.

तो प्रामाणिकपणाच होता का, हे मी नऊ वर्षं उलटसुलट तपासते आहे. मी पगारी तपासनीस होणार आणि तू हौशी, तरी दादा तुझ्याच ओळी म्हणायचा. ते मला खुपत होतं का? होतं, थोडं. किती थोडं, ते मला ठरवता येत नाही.

शाळेच्या खात्याबद्दल तुझ्याखेरीज दोघांनाच माहीत होतं, दादाला आणि मला. तू दादाला विचारलंस, तू कुठे बोललास का? आणि त्याला आठवेना. दिवसभर लिफ्टमध्ये भेटणाऱ्या प्रत्येकाशी गप्पा मारणारा माणूस, त्याला वाटलं, बोललो असेन. ‘नाही’ म्हणायला त्याची जीभ वळली नाही. मी त्याच खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. तू जिना उतरून गेलीस. तुमचं लग्न ठरलं नव्हतं, म्हणून मोडलं असंही कुणाला म्हणता आलं नाही. दादा म्हणाला, “माझ्या तोंडाला कुलूपच पाहिजे.” नंतर तो आईलासुद्धा काही वाचून दाखवत नसे. ती गेली तेव्हा पूलवालीचा आवाज घरात पाच वर्षं कुणी काढला नव्हता.

काल मी त्याला सांगितलं. सगळं, फॉर्मच्या पानाच्या आकड्यासकट. त्याची भुवई वर गेली, चुकलेल्या ओळीवर जाते तशी, आणि खाली आलीच नाही. मग त्याने डोळे मिटले. आज सकाळी माझ्या हातून त्याने चहा घेतला नाही. शेजारच्या काकूंकडून घेतला.

परवा मी तुला एक छोटं पत्र लिहिलं होतं, सात ओळींचं. दादा आजारी आहे, उपचाराला तुझ्या ओळी हव्यात, पाठवशील का, एवढंच. ते वाचून तू नक्की पाठवल्या असत्यास, मला खात्री आहे. हे वाचून पाठवशील की नाही, माहीत नाही. शिक्षा म्हणून नाही पाठवल्यास तर ती मला नाही, त्यालाच होईल. म्हणजे माझं खरं बोलणं पुन्हा त्याच्याच जिवावर. छोटं पत्रच पोस्टात टाकावं, हेच शहाणपणाचं आहे, हे मला कळतं. पण ते टाकलं तर तू त्याच्या चुकीला माफ करून फाइली पाठवशील, आणि चूक त्याची नव्हती. तू त्याला काय विचारलं होतंस त्याचं उत्तर देणं आता त्याच्या हातात उरलेलं नाही. म्हणून मी देते आहे, नऊ वर्षं उशिरा. तो बोलला नव्हता. मला उत्तर पाठवू नकोस. जे पाठवशील ते त्याच्या नावाने पाठव, पाकिटावर त्याचंच नाव घातलं आहे.

तुझी म्हणायचा हक्क उरला असेल तर तुझीच,
पंच

डायरीतली नोंद, उद्यासाठी : ड्रॉवरमधलं सात ओळींचं छोटं पत्र फाडणे.