कपाटात बसलेले देव

सेक्टर १०, भिलाई
अष्टमी, ३० सप्टेंबर १९८७

चि. विजू यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, बडोद्याला तुम्ही मजेत असाल असं धरून चालते. ताराने पाठवलेली शाल आईला आवडली. दाखवते मात्र नावडल्यासारखं.

हे पत्र आईने लिहायला लावलंय. सकाळपासून कितीदा बसले नि उठले. मध्येच जाऊन डाळ ढवळली, उगाच फाटकापर्यंत चक्कर मारली. बूड एका जागी टेकत नाही माझं.

बाबा डिसेंबरात रिटायर होतात, मग क्वार्टर सोडून पद्मनाभपूरच्या दोन खोल्यांत जायचं, हे तुला ठाऊक आहे. म्हणून तर उन्हाळ्यात आईने तुला म्हटलं, आता आपले देवघरातले टाक तू घेऊन जा, देव मुलाकडे जातात. तू हसत म्हणालास, "फ्लॅटमध्ये कुठे ठेवू? बाबांच्या म्युझियमला देऊन टाका." आणि गेलास स्टेशनला. बाबांना ते फार लागलं.

बाबांचं म्युझियम म्हणजे दुर्गच्या जुन्या बंगल्यातल्या दोन खोल्या. एकीत इथलं सगळं: धान मोजायचा काठा, गोंडांचे दागिने, शेतात सापडलेली वीराची शिळा. आणि कारखान्याच्या कितीतरी आधी जे लोक इथे दगडातून लोखंड काढायचे, त्यांचा पायाने दाबायचा भाता. त्या भात्यावर बाबांचा जीव आहे, आल्यागेल्याला आधी तोच दाखवतात. दुसऱ्या खोलीत बाहेरून भिलाईला आलेल्यांची कपाटं. पंजाब्यांनी फुलकारी दिली, तेलुगू मंडळींनी वीणा दिली. मराठी कपाट रिकामं, आणि म्युझियमच्या समितीत मराठी माणूस एकटे बाबा. पितृपक्ष संपता संपता त्यांनी खंडोबा, भवानी, सगळे टाक डब्यात घातले आणि नेऊन काचेत मांडले. खाली हिंदीत पाटी लावली: महाराष्ट्रीय गृहदेवता.

घटस्थापनेच्या सकाळी आई विड्याची पानं नि चिंच पिशवीत घालून बसने दुर्गला गेली. चौकीदार तेजरामला म्हणाली, देव काळे पडलेत, घासून देते. त्या भल्या माणसाने कपाट उघडलं. हिने देव घासले, काचेतच पानांवर मांडले, समोर स्टुलावर समई लावली. झालं, देव बसले! आणि नवरात्रात बसलेले देव दसऱ्यापर्यंत जागचे हलवत नाहीत.

बाबा तावातावाने गेले, मी मागोमाग.

"अवं, हे म्युझियम आहे, मंदिर नाही. लोक पाहून राहिले!"

"पाहू द्या ना. पाहाले नाही तं काचेत कावून ठेवले मंग?"

"समई तरी विझव."

"तुमी विझवा."

आपल्या हाताने देव काचेत ठेवणारा माणूस, पण समईला हात लावायची छाती झाली नाही. तेजराम मध्ये पडला, "दाई, दिया ला बाहिर रख दे, साहब खिसियाही," म्हणजे साहेब चिडतील. पण समई तिथेच राहिली, आणि आता रात्री तेल तोच घालतो. आई रोज अकराला जाऊन बसते. खेड्यातली माणसं काठा बघायला येतात आणि चपला काढून आपल्या कपाटाला हात जोडतात. काल एक म्हातारी भात्याच्याही पाया पडली, तेव्हा कुठे बाबा जरा हसले.

रोज रात्री घरात एकच विषय: दसऱ्यानंतर काय? देवाजीकाका येऊन सांगून गेले, विजयकुमार नेत नसेल तर माझ्या पोराला द्या, घराण्यात राहतील. बाबा म्हणतात, दिलं ते दिलं. आई म्हणते, "विजूले लिही, येऊन घेऊन जा म्हणा." लिहिलं. वाचलंस? आईचा निरोप इथे संपला.

आता माझं ऐक. हे सगळं बोलणं चालतं तेव्हा मी तिथेच असते रे. चहा देत असते. आईचे गुडघे धरले तेव्हापासून घरची पूजा मी करते. खंडोबाच्या घोड्याचा कान झिजलाय, भवानीचा टाक उजवीकडे कलतो, म्हणून तिच्याखाली दोन तांदूळ जास्त घालावे लागतात. तुझं नाव निघालं, काकांच्या पोराचं निघालं, म्युझियमचं निघालं. माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. मुलगी दुसऱ्या घरी जाते आणि तिथले देव तिचे होतात, मान्य. मी कुठे गेलेच नाही. मग माझे देव कोणते, विजू? मला राग आलाय, तुझाही आलाय. तुला नको होते ते तू किती सहज टाकलेस, आणि मला हवे होते तर तोंड उघडायची लाज वाटली.

काल बसमधून येताना आईला सांगून टाकलं, देव मी ठेवणार, माझ्या खोलीत, माझ्या पगारातून त्यांचं सगळं करणार. आई खिडकीबाहेर बघत राहिली. पॉवर हाऊसचा स्टॉप आला नि गेला. मला वाटलं, संपलं. मग म्हणाली, "डब्यात तांदूळ घेऊन जाजो. देव रिकाम्या डब्यात आणत नसतात."

बाबांना घरी येऊन सांगितलं. एवढंच म्हणाले, "कपाट रिकामं राहीन ना व मंग."

त्यांना म्हटलं, नाही राहणार. माझ्यासाठी आईने वर्षानुवर्षं केलेलं रुखवत ट्रंकेत पडलंय. मण्यांचं तोरण, लोकरीची बदकं, साखरेच्या साच्यांसकट सगळं. म्युझियममध्ये ठेवण्याजोगं आहे. मीच नेऊन मांडणार.

शुक्रवारी दसरा. गांधी जयंतीही त्याच दिवशी, म्हणून म्युझियम बंद. तेजराम आमच्यासाठी उघडणार आहे, बाबा बरोबर येणार आहेत. हे पत्र तुला मिळेपर्यंत देव घरी आलेले असतील. उशिरा टाकते आहे ते मुद्दाम. मला तुझी परवानगी नको होती.

ताराला आणि बाळाला आशीर्वाद. यापुढे कुळाच्या देवांना नारळ पाठवायचा झाला, तर माझ्या नावाने पाठवत जा.

तुझी,
साधनाताई