काळी ठेवायची जागा

४ जानेवारी २००७, शहापूर
मुरबाडहून आलो, खोली मिळाली, नोकरी तर फारच आवडली! भाताच्या गिरणीच्या माळ्यावर तीन कॉम्प्युटर, शेजारीच माझी खोली. मंगळाभोवती एक यान घिरट्या घालतं. त्याने काढलेले फोटो लांबलचक पट्ट्यांसारखे येतात, ते जोडून आम्ही नकाशा करायचा. आमच्या प्रमुख रंजिता मॅडम. त्यांचा नियम एकच : जिथला फोटो नाही ती जागा काळी ठेवायची, मनाने भरायची नाही. इथे मला कोणी डोंगर चढायला लावणार नाही, या आनंदात सकाळीच दोन वडापाव हाणले.

९ जानेवारी
एका उतारावर काळी फट राहिली. उद्या काम पाठवायचं, आणि अर्धवट दिसलेलं मला खपत नाही. शेजारची वाळू दगडासकट उचलून फटीवर चिकटवली. नीट पाहिलं तर तोच दगड दोनदा दिसतो, पण मंगळावर जाऊन कोण बघणार? हाताची जुनी खोड.

१० जानेवारी
लिहूनच टाकतो. गेल्या मे महिन्यात डोळखांबच्या बाजूला मी घरं मोजून नकाशा काढत होतो. शेवटचा पाडा डोंगरावर होता. ऊन फार, मला चढायचा कंटाळा. मोळी घेऊन उतरलेली ठकी पायथ्याशी भेटली. पानभर करवंदं देऊन तिने विचारलं, "आमचा पाडा हाय ना रे भाऊ कागदात?" मी आहे म्हणालो आणि नकाशात तिथे शेजारचं रान चिकटवलं.
त्याच पावसाळ्यात कडा कोसळला. मदतीला गेलेल्यांनी नकाशात रान पाहिलं आणि ते खालच्या पाड्यावरूनच परतले. वरही पाडा होता, हे तिसऱ्या दिवशी कळलं. सात घरं, नऊ माणसं. ठकीसुद्धा. मला कोणी जाब विचारला नाही. त्यांना मी मारलं, हे फक्त मला माहीत आहे.

१५ जानेवारी
यानाने तोच उतार पुन्हा टिपला. नव्या पट्टीत सात चौकोन आहेत. मॅडमना दाखवले. त्यांना नुसती वाळू दिसते. डोळे तपासून घ्या म्हणाल्या.

१६ जानेवारी
चौकोनांपाशी ठिपके. मोजले. नऊ.

१७ जानेवारी
वर आठच. नववा पायथ्याशी. डोक्यावर आडवं काहीतरी — मोळी.
सगळं खरं लिहून अर्ज तयार केला. पाड्यातले उरलेले लोक अजूनही कागदावर नाहीत. तहसील कचेरीच्या पायरीपर्यंत गेलो. नोकरी जाईल म्हणून परत आलो. अर्ज खिशात आहे. लाज वाटते.

१८ जानेवारी
नववा ठिपका पट्टीत नाही. कुठेच नाही.
जिन्यावर लाल माती. मॅडम आल्या नाहीत. खाली गिरणी बंद —

१९ जानेवारी, दुपार
खिडकीतून रस्ता दिसत नाही. आंब्याचं झाड. शेजारी तेच झाड. पुन्हा तेच. तिन्हींवर तोच कावळा, त्याच फांदीवर — कोणीतरी शेजारचं उचलून इथे —
दाराबाहेर मोळी टेकवल्याचा आवाज. विचारते आहे, पाडा हाय ना कागदात. आज खरं बोललो. नाही म्हणालो. अर्ज दाराखालून सरकवला. तो परत आत आला.
"आन तुझी खोली हाय का रे भाऊ?"
शहापूरचा नकाशा उघडला. बाजार आहे. एसटी स्टँड आहे. गिरणीच्या जागी आंबे, तिन्ही सारखे. मी ओरडतोय, खाली कोणी — मी इथे आहे, या खोलीत, मी —