इस्मतच्या बांगड्या आणि तिचे बी.ए.

लिहून ठेवते मी, सफूरा, मरहूम दाऊद सोलकर यांची बायको, वय अंदाजे अडुसष्ट, राहणार दाभोळ, हल्ली शराफिया, जेद्दा, मुलाच्या इकाम्यावर, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्यावर. शिक्षण मराठी तिसरी. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण ते या कामाला लागत नाहीत. कोणी हात धरून लिहवून घेतलेले नाही.

१. दाभोळचे घर व परसातले नऊ माड मुलगा बदरुद्दीन आणि मुलगी साबिरा यांना शरियतप्रमाणे. साबिराने हिस्सा सोडावा असे भावाने तिला सुचवू नये. एकदा सुचवले आहे. मला ऐकू येते.

२. शिलाई मशीन सुनेला. ती चालवणार नाही, पण माझ्यामागे गंजले तरी घरात गंजावे.

३. माझ्या आठ सोन्याच्या बांगड्या बदरुद्दीनची मुलगी, माझी नात इस्मत हिला. मौलवींना विचारले आहे: वारस नसेल त्याला तिसऱ्या हिश्शापर्यंत देता येते, आणि बाप जिवंत असता नात वारस नाही. बांगड्या त्यात बसतात. त्या साबिराकडे राहतील, व इस्मतला दाभोळला ठेवून बी.ए. होईपर्यंत शिकवण्यास मोडल्या जातील.

कारण लिहिणे भाग आहे. इस्मत शाळेतून एका जुन्या इंग्रज कवीच्या चरित्राचे पुस्तक आणून मला हिंदीत सांगत असे. सहाशे वर्षांपूर्वीचा, दारूच्या व्यापाऱ्याचा मुलगा. लढाईत पकडला गेला, राजाने पैसे भरून सोडवला. मी विचारले, "कविता करून बायकापोरांना काय घालत होता?" ती म्हणाली, "दादी, कस्टम में था. अब्बा जैसा." लोकर आणि कातड्यांची जकात बारा वर्षे स्वतःच्या हाताने लिहायची, अशी त्याला अट होती. बदरुद्दीन बंदरावर चार वर्षे आहे आणि कागद दुसऱ्याकडून भरून घेतो.

त्याने पुस्तक उघडले ते नेमके, राजा कवीला रोज घागरभर दारू देई, त्या पानावर. "शराबी शायर! मा, पोरगी बिघडली. शाळा खलास. शाबानच्या महिन्यात गावी नेऊन निकाह लावतो."

मी म्हटले, "घागर राजाने दिली. इस्मतने प्यायली नाही."

पोरगी सोळा वर्षांची आहे. मी आहे तोवर निकाह होणार नाही. नंतरसाठी हा कागद. बी.ए.च्या आधी निकाह लावल्यास उरलेल्या बांगड्या दाभोळच्या मुलींच्या शाळेला जातील, बदरुद्दीनला एकही नाही.

४. मला इथेच पुरावे. मय्यत विमानातून फिरवू नये. त्या कवीने म्हातारपणी घर त्रेपन्न वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतले आणि वर्ष भरायच्या आत गेला. मला एवढी घाई नाही, पण तेवढा भरवसाही नाही.

५. शेवटी त्याने आपल्या काही लिखाणाबद्दल माफी मागितली म्हणे. मी या कागदातल्या कशाबद्दलही मागत नाही.

जेद्दा, ता. ९ मार्च १९८०

सही: सफूरा दाऊद सोलकर

साक्षीदार: जमालुद्दीन मुकादम, शिंपी. मोहियुद्दीन पावसकर, दुकानदार.

मुलाची सही लागत नाही. तरी वाचून खाली लिहावे, म्हणजे पुढे माहीत नव्हते म्हणता येणार नाही.

वाचले. मॅट्रिकपर्यंत कबूल. — बदरुद्दीन

बी.ए. लिहिले आहे. परत वाच. — सफूरा

बी.ए. — बदरुद्दीन