कंसातलं मोठ्यानं वाचू नये

मुक्काम झापा, पूर्व नेपाळ
रविवार, १९ जुलै १९९२

तीर्थरूप संगप्पा मामांच्या चरणी भाचा शरणप्पा याचं, मधे किती नद्या आणि एक सरहद्द असली तरी, डोकं टेकवून शरणु शरणार्थी. गुरम्मा मामींनाही तसंच. देगलूरला सगळे खुशाल असतील, तुमचा गुडघा जिना चढू देत असेल, दुकानासमोर आठ दिवसांआड तरी टँकर येत असेल आणि डोळ्यातला मोतीबिंदू ऑपरेशनाजोगा पिकला असेल अशी आशा करतो. तोवर डोळ्यांना ताण देऊ नका. हे पत्रही नेहमीप्रमाणे तुमच्या लेकीकडून, शिवकांताकडूनच वाचून घ्या. (शिवकांता, नेहमीचा नियम ध्यानात ठेव. कंस आला की मोठ्यानं वाचायचं नाही. मनात वाच आणि खोक. मामांनी विचारलं का थांबलीस, तर अक्षर लागेना म्हण. माझं अक्षर वाईट आहे यावर त्यांचा लगेच विश्वास बसतो. माझ्याबद्दल वाईट काहीही सांगितलं तरी बसतो.)

मामा, मी कॉलेज अर्ध्यात सोडलं त्याचा राग तुमच्या मनातून अजून गेला नाही असं आईच्या मागच्या पत्रावरून दिसलं. तुमचं बराबर आहे. तुमच्या घरी राहून, तुमची भाकर खाऊन मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला हॉल तिकीट फाडून आलो, ही गोष्ट लहान नाही. पण त्या दिवशी टँकर साडेदहाला आला आणि पेपर अकराला होता, हे तुम्ही कधी ऐकूनच घेतलं नाही. घरातल्या पाच घागरी भरून मी पळत गेलो तर दारावरचे सर म्हणाले, वीस मिनिटं उशीर, आत घेता येत नाही. त्यांच्या हातात प्रश्नपत्रिका होती. पहिलाच प्रश्न, अवर्षणाचे ग्रामीण जीवनावर होणारे पाच परिणाम लिहा. मी म्हणालो, सर, सहावा परिणाम तुमच्यासमोर हुबा हाय, त्याला आत घ्या. ते म्हणाले, शहाणपणा करू नको. मग जे झालं ते झालं. हॉल तिकीट फाडायला नको होतं, हे आता मला पटलं आहे. (पटलेलं नाही. आणि पाच नव्हे, सहा घागरी होत्या. सहावी तुझ्या मैत्रिणीची, सिंधूची, जी भरू दे म्हणून तू मला रांगेत पुन्हा मागं उभं केलंस. ही वीस मिनिटं तुझी आहेत. मी कुणाला सांगितलं नाही आणि सांगणारही नाही.)

तुम्ही तेव्हा सगळ्यांसमोर म्हणालात, काहीतरी होऊन ये, मगच तोंड दाखव. मी त्याच आठवड्यात सेवा-तुकडीत नाव घातलं आणि पाच महिन्यांसाठी परदेशात आलो. त्यावरही तुम्ही म्हणालात म्हणे, ज्याला पासपोर्ट लागत न्हाई तो परदेश कसला, तसं तर बिदरलाबी लागत न्हाई. मामा, लागत नाही हे खरं, पण बिदरला जाऊन माणसाला चहा मागता येतो. इथं मी पहिले पंधरा दिवस खुणा करून जेवलो.

इथलं काम थोडक्यात सांगतो. भूतानमधून घरंदारं सोडून आलेली हजारो माणसं या जंगलाच्या कडेला बांबूच्या झोपड्यांत राहतात. त्यांच्यासाठी हातपंप बसवणं आणि पावसाचं पाणी बाहेर जायला नाल्या खोदणं हे आमच्या तुकडीचं काम. तुमचा विश्वास बसणार नाही, इथं वीस फुटांवर पाणी लागतं. वीस! आपल्याकडं वीस फुटांवर दगडच नीट लागत नाही. मी मराठवाड्याचा माणूस, मला पाणी *घालवायच्या* कामाला लावलंय. रोज फावड्यानं पाणी बाहेर ढकलताना आपण पाप करून राहिलो असं वाटतं. परवा भांडी धुतलेलं पाणी मी सवयीनं बादलीत साठवून ठेवलं, तर स्वयंपाकीणबाईनं मला ताप आलाय का म्हणून कपाळाला हात लावून पाहिला.

आता या आठवड्याची खबर. सोमवारी छावणीत पुन्हा शिरगणती सुरू झाली आणि त्यासाठी एक नवे कारकून आले. मला त्यांच्याकडं नालीची जागा विचारायला पाठवलं होतं. तुम्ही शिकवलंय की वडीलधारा दिसला की आधी हात जोडावे. मी हात जोडून आपला लिंगायती नमस्कार घातला, शरणु शरणार्थी. मामा, नेपाळीत शरणार्थी म्हणजे घरदार सोडून आसऱ्याला आलेला माणूस, हिंदीतही तेच. दोन महिने मी हे सगळ्यांना म्हणत होतो आणि लोक मान डोलवत होते. मला वाटायचं, किती अदबीची माणसं. कारकुनानं वहीत लिहून घेतलं. मग नाव विचारलं. मी म्हणालो, शरणप्पा. त्यांना वाटलं मी तेच पुन्हा सांगतोय. मग जिल्हा. आई राहते तो सांगितला. लातूर. त्यांच्या भिंतीवर भारताचा एक जुना नकाशा होता. त्यात बोट फिरवून म्हणाले, लातूर गाव आहे, उस्मानाबादमधे. असा जिल्हा नाही. इथं माझं डोकं फिरलं. दहा वर्षं झाली जिल्हा होऊन, अजून तुमच्या भिंतीला पत्ता नाही? मी माझ्या हिंदीत ओरडलो, उस्मानाबादसे तोडके निकाला है! त्यांनी लिहिलं, जिल्ह्यातून काढून टाकलेला. गाव का सोडलं? पाणी नाही. घरी परत का जात नाही? मामांनी तोंड दाखवू नको म्हटलंय. सगळी उत्तरं खरी होती, मामा. खरं बोलून इतका फसलेला माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

मी स्वयंसेवक आहे असं मी वाट्टेल तितकं ओरडून सांगितलं. आमचे तुकडीप्रमुख गुरुपादप्पा काठमांडूला गेलेले, बाकीची पोरं पोट धरून हसत उभी. कारकून फार मायेनं म्हणाले, आधी सगळे असंच ओरडतात, मग रुळतात. संध्याकाळपर्यंत मला कार्ड मिळालं, तांदूळ, डाळ, एक चादर, आणि मनमाया नावाच्या म्हातारीच्या झोपडीत अर्धी जागा. तिच्या घरी एकच माणूस होतं, म्हणून.

मंगळवार-बुधवार मी रागात काढले. तांदूळ परत न्यायचो, ते पुन्हा हातात द्यायचे. मनमाया आमा (आमा म्हणजे आई, हा कंस मोठ्यानं वाचलास तरी चालेल) माझ्याकडं नुसती बघायची. ती घर सोडताना घाईत डेचकी विसरली आणि नुसतं झाकण घेऊन आली. ते झाकण रोज घासून लख्ख ठेवते. दिवेलागणीला दारात उभी राहून गायींना नावं घेऊन हाका मारते. गायी तिकडंच राहिल्या. पहिल्या दिवशी मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी हाका संपायची वाट बघत मी जेवायचा थांबलो.

गुरुवारी पंपावर पाणी आणायला गेलो आणि माझी आणखी एक फजिती झाली. पंपावर कुणीच नव्हतं, तरी मी सवयीनं चप्पल काढून नंबराला ठेवली आणि बाजूला उभा राहिलो. मनमाया आमा मागून येऊन म्हणाली, कशाची वाट बघतोस? मी म्हणालो, नंबराची. मग तिला मोडक्यातोडक्या नेपाळीत सांगितलं की आमच्याकडं टँकर यायच्या आधी लोक घागर, दगड, चप्पल, जे असेल ते रांगेत ठेवून जातात, आणि कुणाची वस्तू कुणी हलवत नाही. तिला इतकं हसू आलं की डोळ्याला पदर लावावा लागला. मग तिनं आपलं झाकण माझ्या चपलेमागं ठेवलं. मागून आलेल्या बायांनी हंडे ठेवले. पाणी भरपूर आणि रांग पंधरा वस्तूंची! दोन महिन्यांत मला पहिल्यांदाच देगलुरात असल्यासारखं वाटलं. (त्या रांगेत एका हंड्याला तुझ्या तांब्याच्या घागरीसारखा काठाला पोचा होता. तुझ्या घागरीच्या मागं माझी घागर लावता यावी म्हणून मी किती जणांशी भांडलो ते तुला माहीत आहे. टँकरवरच्या शेषेराव हवालदाराशीसुद्धा. इथं पाणी इतकं आहे की कुणाच्या मागं उभं राहायला कारणच उरत नाही. असल्या मुबलक मुलखात माणसं एकमेकांवर जीव कसा लावतात देव जाणे.)

तिथंच आमानं विचारलं, घरी कोण आहे? मी आईचं नाव सांगितलं, आणखी कोण म्हटल्यावर आणखी एक नाव निघून गेलं. ती पंपाच्या दांड्याला धरून म्हणाली, मला परत जाऊ देत नाहीत, बाबू. तुला कोण अडवतं? मी म्हणालो, मामा. त्यावर ती हसली नाही. म्हणाली, मामाला लिहायचं होतं ना. आमच्याकडं तर कुणाला लिहावं हेच कळत नाही.

काल गुरुपादप्पा आले. त्यांनी कारकुनाला हात जोडले, चुकून तेच शब्द तोंडात आले आणि त्यांचंही नाव लिहून घ्यायला वही उघडली गेली, तेव्हा कुठं सगळ्यांना उलगडा झाला. माझं कार्ड रद्द झालं. तांदूळ-डाळ आमाच्या झोपडीतच ठेवून आलो. तर मामा, मी सुखरूप आहे, दसऱ्याला परत येतो, दुसरं काही मागणं नाही. (आहे. आईनं कळवलंय की श्रावणातल्या पहिल्या सोमवारी नांदेडचा मन्मथ तुला बघायला येतोय. पदवीधर आहे, बँकेत आहे, आणि त्याच्या घरी नळ आहे. नळाला मी काय उत्तर देऊ? देगलूरहून मला दोन पत्रं आली, दोन्हींत अक्षर तुझं आणि शब्द मामांचे. 'सर्व ठीक, प्रकृतीस जपणे.' मी त्या जपणेच्या मात्रेकडं किती बघत बसतो! पुढच्या पत्रात मामा सांगतील ते लिही, पण तुझ्या मनात माझं काही असेल तर शेवटी एक रिकामा कंस टाक. मामांना कळणार नाही. नसेल तर टाकू नकोस, मी समजेन. समजणार नाही, पण गप्प बसेन.)

मोठ्यांना शरणार्थ, धाकट्यांना आशीर्वाद. आपला भाचा,
शरणप्पा

ता.क. लातूर जिल्हा दाखवलेला महाराष्ट्राचा नवा नकाशा तुमच्या दुकानाशेजारी मिळत असेल तर एक पाठवा. कारकून भिंतीवर लावतो म्हणालेत.

ता.क. २. पाकीट चिकटवणार एवढ्यात आईचं पत्र आलं, तीन आठवड्यांपूर्वी टाकलेलं. ती लिहिते, संगप्पाचं ऑपरेशन नांदेडच्या शिबिरात झालं, आता पेपरातली बारीक जाहिरातसुद्धा स्वतः वाचतो. तुझी पत्रं पोरीकडून वाचून घेत न्हाई, म्हणतो ही मधी मधी लई खोकती. जुनी सगळी पत्रं काढून पुन्हा पहिल्यापासून वाचायला बसलाय. तुझ्या पत्रात असं असतंय तरी काय रे?

ता.क. ३. मामा, हे पत्र फाडायला घेतलं होतं. पण जुनी चार तुमच्या हातात असताना पाचवं फाडून उपयोग नाही, आणि फाडण्याचा माझा अनुभव चांगला नाही. तेव्हा कंस काढून लिहितो. सहाव्या घागरीचा दोष शिवकांताचा नाही, सर्वस्वी माझा. हॉल तिकिटाचं जे कंसात आहे ते खरं, पण ऑक्टोबरच्या परीक्षेचा अर्ज भरला आहे, तेही खरं. काहीतरी होऊन ये म्हणालात. मी पाच दिवस शरणार्थी होऊन पाहिलं. मला घर आहे आणि परत जाता येतं, एवढं शिकलो. शिवकांता मला द्या. द्यायची नसेल तर तसं तुमच्या हातानं लिहा, मी वाचीन. पण काहीही लिहिलंत तरी शेवटी तेवढा एक कंस तिला भरायला रिकामा सोडा आणि पेन तिच्या हातात देऊन तुम्ही दुकानात जा. सोपं पडावं म्हणून मीच आखून ठेवतो. कागदाचा एवढाच तुकडा फाडून परत पाठवला तरी चालेल.

(                                        )